प्रश्न क्रमांक सात

औलू विद्यापीठातली माझी खोली, तिसरा मजला.
खिडकीबाहेर डिसेंबर; दुपारी दोनलाच
दिवस पापणी मिटतो.
टेबलावर एकशे बारा अर्ज.
प्रत्येकावर एका मुलाचं वय, नाव नाही.
नाव पुसणं ही आमच्या धंद्यातली सभ्यता.

सातवा प्रश्न माझाच, मीच लिहिलेला:
सुई टोचताना मुलाला कोणी धरलं होतं?
आई. वडील. परिचारिका. इतर.
पुढे चार चौकोन, खूण करायला.

बिरेत (हे नाव तिचं नाही)
सहा वर्षांची, उत्स्योकीची,
रात्रभर गाडीच्या मागच्या सीटवर
बर्फाचा रस्ता मोजत आलेली.
पायात आत्यानं विणलेले लाल मोजे,
तोंडात सामी भाषा,
आणि आमची भाषा फक्त एका शब्दापुरती: नाही.

पिर्यो तीस वर्षं याच वॉर्डात.
ती बिरेतला ‘सोनं’ म्हणाली.
आमच्याकडेही लाडात सोनंच म्हणतात.
मग बापाकडे वळून, सवयीनं:
‘तुम्ही जरा घट्ट धरता का?’

नीलासनं हात पाठीमागे नेले.
मी कोपऱ्यात, वहीवर पेन टेकवून.

तो म्हणाला, सावकाश, परक्या भाषेत पाय चाचपत:
‘उन्हाळ्यात, सूर्य मावळत नाही तेव्हा,
आम्ही रेनडिअरच्या पाडसांचे कान कापतो. खुणेसाठी.
दोरी टाकायची, आडवं पाडायचं, गुडघ्याखाली घ्यायचं.
हजारो धरली असतील मी.
सोडलं की पाडस उठतं
आणि थेट आईकडे धावतं.
आई हाका मारत उभी असते, कळपाच्या कडेला.
हिला मीच गुडघ्याखाली घेतलं
तर सुटल्यावर ही
कुणाकडे धावेल?’

कुणी काही बोललं नाही.
बाहेर एक प्रिंटर कागद गिळत होता.
पिर्योनं ट्रे उचलून कपाटावर ठेवला
आणि स्टूल ओढून बसली.
तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अठरा मिनिटं.
दार दोनदा वाजलं, दोनदा नंतर या म्हटलं गेलं.
बिरेत टेबलाखाली गेली, बाहेर आली,
कापसाचा बोळा हुंगून पाहिला,
मग बापाच्या मांडीवर चढून
तिनं त्याचा कान मुठीत धरला.
दुसऱ्या हाताचं कोपर पुढे केलं, बोट ठेवलं:
इथे.
आणि तिच्या भाषेत आणखी काही.
नीलासनं सांगितलं: ‘आधी सांगा, म्हणते.’

आधी सांगितलं.
तरी ती रडली. मोठ्यानं, सामीत आणि कुठल्याच भाषेत नाही असं.
दुसरी नळी अर्धीच भरली.
पुन्हा टोचावं लागलं. पुन्हा आधी सांगितलं.
नीलासचा कान लालभडक.

संध्याकाळी अर्ज भरताना
सातव्या प्रश्नाशी अडले.
शेवटी ‘इतर’वर खूण केली, बाजूला लिहिलं:
मुलीनं. वडिलांना.

हेल्का, आमच्या प्राध्यापक, चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
‘हे कोष्टकात बसत नाही.’
आणि मग, खूप वेळानं, कॉफी थंड झाल्यावर,
‘कोष्टक कुणी केलंय?’

रुग्णालयाचे हिशेबनीस विचारतात
अठरा गुणिले एकशे बारा म्हणजे किती तास,
आणि ते कुणाच्या खात्यात टाकायचे.
बरोबर विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही.

नव्या अर्जात चौकोन काढून टाकलेत.
सातव्यापुढे एक रिकामी ओळ:
कोणी, कोणाला?
छपाईला पाठवण्याआधी एक प्रत भरून बघावी लागते.
वय: पाच. साल एकोणऐंशी. टॉन्सिल.
चार मोठी माणसं आठवतात, एकेका हातापायाला एकेक.
काचेच्या दारापलीकडे आईचा कोट आठवतो,
तपकिरी, गळ्याशी एक बटण तुटलेलं.
चेहरा आठवत नाही.

पेन त्या ओळीवर ठेवलं आहे.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय.